पूर ओसरला, नळाचं पाणी स्वच्छ दिसतंय. तरी उकळून का प्यायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: पूर ओसरून आठवडा झाला, नळाला पाणी आलं, ते स्वच्छही दिसतंय, मग अजून उकळून प्या असं का सांगतात, आणि पुराने पाण्याचं नेमकं बिघडतं तरी काय? जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोक गाळाला घाबरतात. खरं तर नुसता गाळ पोटात गेल्याने फारसं काही होत नाही. त्याचं दुखणं वेगळंच आहे. पुरात नदीच्या पाण्याचा गढूळपणा एका रात्रीत कितीतरी पटींनी वाढतो. तुरटीचा रोजचा डोस पुरत नाही, फिल्टर लवकर तुंबतात. त्यातून जो बारीक गाळ निसटतो त्याच्या आडोशाला जंतू दडतात, आणि गाळासोबत आलेली घाण क्लोरीन खाऊन टाकते. क्लोरीनचं काम नीट व्हायला गढूळपणा १ एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) खाली हवा आणि अर्ध्या तासाने लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मोकळा, म्हणजे कशाशीही न जोडलेला क्लोरीन शिल्लक राहायला हवा. पुरात हे गणितच कोलमडतं.

आमच्याकडे क्लोरीन तपासायला ओटी टेस्ट असायची. नळीत नमुना घ्यायचा, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. मोकळा क्लोरीन असेल तर पहिल्या दहा सेकंदांत पिवळा रंग येतो. एका पुरानंतर मी नळी उजेडात धरून बसलो होतो, रंग काही येईना. सहकारी म्हणाला, "टीसीएल (ब्लीचिंग पावडर) जुनी असेल." नळी तशीच स्टँडवर ठेवली आणि चहा घेऊन पंधरा मिनिटांनी परत आलो तर नळी पिवळी! म्हणजे पावडर चांगली होती. क्लोरीन पाण्यातल्या अमोनियाशी जोडला गेला होता, आणि अशा जोडलेल्या क्लोरीनची जंतू मारण्याची ताकद फारच कमी असते. एवढा अमोनिया आला कुठून? मैलापाण्यातून. पाणी मात्र दिसायला काचेसारखं होतं.

आता तुमच्या नळाकडे वळू. केंद्रातून शुद्ध पाणी सुटलं तरी वाटेत घोटाळा होतो. पुरात पंप बंद पडतात, पाइपांतला दाब जातो, आणि जिथे जिथे गळती आहे तिथून बाहेरचं पाणी आत शिरतं. एरवी जी भोकं पाणी बाहेर टाकतात तीच आता आत ओढतात. त्यातून व्हॉल्व्हचा चेंबर गटाराच्या पाण्यात बुडालेला असला तर काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून पुरवठा पुन्हा सुरू झाल्यानंतरचे पहिले काही दिवस मला सर्वांत धोक्याचे वाटतात. लोक मात्र नेमके तेव्हाच निर्धास्त होतात. जमिनीखालची टाकी बुडाली असेल तर ती उपसून, घासून, क्लोरीनने धुतल्याशिवाय तिच्यात नवं पाणी घेऊ नका.

विहिरीचं दुखणं जास्त दिवस टिकतं. कठड्यावरून पाणी आत गेलं की शौचखड्डे, गोठे, शेतातली खतं, सगळ्याचा अर्क आत उतरतो. उपसा करायचाच, पण पाणी ओसरताक्षणी घाईने नको. भोवतालची माती भिजून जड झालेली असते आणि आतला पाण्याचा आधार अचानक काढला तर बांधकाम ढासळू शकतं. आणखी एक चूक नेहमी दिसते. साध्या दिवसांत हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते, म्हणून पुरानंतरही तेवढीच टाकतात. ती पावडर घाणच लगेच खाऊन टाकते. अंदाजाने टाकू नये, टाकल्यावर मोजावं.

मोजण्याचं महत्त्व कळायला कॅनडातल्या वॉकरटनचं उदाहरण पुरेसं आहे. मे २००० मध्ये मुसळधार पावसाने शेणखत गावाच्या उथळ विहिरीत वाहून आलं. क्लोरीन कमी पडला, आणि त्याच्या नोंदी तर प्रत्यक्ष न मोजताच लिहिल्या जात होत्या. ७ जण दगावले, सुमारे २,३०० आजारी पडले. आणि सुरुवात झाली ती नुसत्या मुसळधार पावसाने.

घरी काय करायचं? पाणी गढूळ असेल तर निवळू द्या, कापडातून गाळा, मग उकळा. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. फार उंचावर, २,००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे क्लोरीनला दाद न देणारे जीवही उकळण्याने मरतात. पण पाण्याला डिझेलचा किंवा कीटकनाशकाचा वास येत असेल तर उकळू नका, दुसरं पाणी शोधा. खतांतून येणारं नायट्रेटही उकळून जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. शेताजवळच्या विहिरीचं पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात घालताना हे विसरू नका. यूव्ही फिल्टरवर भरवसा ठेवलेल्यांसाठी: गढूळ पाण्यात त्याचा प्रकाश जंतूंपर्यंत नीट पोहोचतच नाही.

हे किती दिवस? कॉलरा काही तासांत ते पाच दिवसांत दिसतो, टायफॉइड एक ते तीन आठवड्यांनी, कावीळ त्याहून उशिरा. हिपॅटायटिस ई तर कधी कधी दोन महिन्यांनी डोकं वर काढतो आणि गरोदर बाईच्या जिवावर बेततो. तेव्हा "आठवडा झाला, कोणी आजारी पडलं नाही" याला फारसा अर्थ नाही.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात फोन कराल तेव्हा "पाणी शुद्ध आहे ना?" असं विचारू नका, उत्तर "हो"च येणार. विचारा, "शेवटच्या टोकाच्या नळाला आज मोकळा क्लोरीन किती आला, आणि जिवाणू तपासणीचा रिपोर्ट कधीचा आहे?" आकडा आणि तारीख मिळेपर्यंत पाणी उकळत राहा.