नॉर्मल बल कुठे कमी, कुठे जास्त?

प्रश्न : मी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. उतारावरील वस्तूच्या उदाहरणात नॉर्मल बल (एन, म्हणजे पृष्ठभाग वस्तूवर लंब दिशेने लावतो ते बल) ‘एमजी कॉस थीटा’ (एमजी म्हणजे वजन, थीटा म्हणजे कलाचा कोन) इतके घेतात, पण वळणावरच्या कलत्या रस्त्याच्या उदाहरणात ‘एन कॉस थीटा बरोबर एमजी’ असे मांडतात. पृष्ठभाग दोन्हीकडे कललेलाच असतो, मग समीकरणे वेगळी का? आणि कोणत्या बलाचे घटक पाडायचे, हे कसे ठरवायचे?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : तुमचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. ही दोन समीकरणे सूत्रे म्हणून पाठ केली, तर त्यांचा मेळ कधीच बसत नाही. ती फ्री बॉडी डायग्राममधून, म्हणजे एकाच वस्तूवरची सगळी बले दाखवणाऱ्या आकृतीतून, आणि त्वरणाच्या दिशेतून निघतात, म्हणून आधी आकृती काढावी आणि घटकांचा, म्हणजे बलाच्या दोन परस्परलंब दिशांतल्या भागांचा, विचार त्यानंतर करावा.

गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरीबोट लागण्याची वाट पाहत, ब्रेक दाबून उतारावर थांबलेली स्कूटर डोळ्यांपुढे आणा. चालकासह वस्तुमान १२० किलोग्रॅम आणि उतार १० अंशांचा आहे असे धरू. आकृतीत धक्का नको, पाणी नको, फेरीही नको. केवळ स्कूटर आणि तिच्यावर इतरांनी लावलेली बले हवीत. पृथ्वी तिला सरळ खाली १,१७६ न्यूटनने ओढते, धक्का उताराला लंब दिशेने नॉर्मल बल लावतो आणि टायरवरचे घर्षण उताराच्या वरच्या दिशेने असते. बले तीनच. ‘एमजी साइन थीटा’ हे चौथे बल नव्हे, तो वजनाचाच एक भाग आहे; म्हणून घटक तुटक रेषेने काढावेत आणि घटक पाडल्यावर मूळ वजनाच्या बाणावर काट मारावी, म्हणजे तेच बल दोनदा मोजले जात नाही. नॉर्मल ही वजनाची प्रतिक्रिया आहे असेही अनेकजण लिहितात, परंतु ही दोन्ही बले एकाच स्कूटरवर लागतात, तेव्हा ती न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची जोडी असूच शकत नाहीत.

आता अक्ष उताराला समांतर आणि लंब घेतले, तर नॉर्मल व घर्षण आपोआप अक्षांवर येतात आणि फक्त वजनाचे घटक पाडावे लागतात : लंब दिशेला १,१५८ आणि उताराच्या दिशेला २०४ न्यूटन. स्कूटर स्थिर असल्यामुळे नॉर्मल १,१५८ आणि घर्षण २०४ न्यूटन. (उताराचा खालचा भाग ओला आणि शेवाळलेला असला, तरी लागणारे घर्षण २०४ न्यूटनच राहते, तेवढे देण्याची पृष्ठभागाची क्षमता उरली नाही, की स्कूटर घसरते.) इथे उभ्या दिशेचे समीकरणही मांडता येते, पण त्यात घर्षणाचा उभा घटक धरावा लागतो : नॉर्मलचे १,१४१ अधिक घर्षणाचे सुमारे ३५ मिळून १,१७६. तो विसरून ‘एन कॉस थीटा बरोबर एमजी’ लिहिले, की उत्तर चुकते.

तीच स्कूटर चोर्ला घाटातल्या एखाद्या वळणावर न्या. रस्ता आतल्या बाजूला १० अंशांनी कललेला, वळणाची त्रिज्या ५० मीटर आणि घर्षणाची गरजच पडू नये असा वेग, म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटर, असे समजू. आता बले दोनच आहेत, पण स्कूटरला त्वरण आहे, आणि ते उताराच्या दिशेने नसून आडव्या पातळीत वळणाच्या केंद्राकडे आहे. उभ्या दिशेला त्वरण शून्य असल्याने तिथे नॉर्मलचा उभा घटक वजनाइतका होतो आणि नॉर्मल १,१९४ न्यूटन येते. कोन तोच, स्कूटर तीच, तरी धक्क्यावर नॉर्मल वजनापेक्षा कमी आणि वळणावर जास्त, कारण आत वळवण्याचे कामही त्याच्याकडेच आले आहे.

म्हणून त्वरण असेल, तर एक अक्ष त्याच्याच दिशेने घ्यावा आणि जे बल अक्षांवर बसत नाही त्याचेच घटक पाडावेत. हा नियम सोयीचा आहे, सक्तीचा नाही. वळणाच्या उदाहरणातही उताराला लंब अक्ष घेता येतो, मात्र त्या दिशेला त्वरणाचा एक घटक उरतो आणि तो शून्य मानण्यातच तुमच्या प्रश्नातला सारा गोंधळ आहे. केंद्राकडचे बल २०७ न्यूटन आहे, त्याचा उताराला लंब घटक ३६ न्यूटन. तो वजनाच्या लंब घटकात, म्हणजे १,१५८ मध्ये मिळवा, पुन्हा १,१९४ न्यूटनच येतात.