नागपुरात डूला (बाळंतपणात सतत सोबत राहून धीर देणारी बाई) ठेवावी का? घरात आई आणि सासू असताना तिची खरंच गरज असते का?

"घरात दोन-दोन बायका असताना बाहेरची कशाला, असं सासूबाई म्हणतात," हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

माझी बाळंतपणं दोन. पहिलं २०१८ चं, नॉर्मल. दुसरं २०२२ च्या मे महिन्यातलं, डूला ठेवून, आणि ते झालं सिझर. आमच्या मोठ्या जाऊबाईंचा हिशेब तेव्हापासून ठरलेला आहे: "पहिलं फुकटात नॉर्मल, दुसरं पैसे देऊन सिझर." लग्न असो, बारसं असो, पंगतीत हे वाक्य पडतंच. लोक हसतात, मीही हसते. आज उत्तर देते.

ते फुकटातलं नॉर्मल कसं होतं ते ऐका. लेबर रूममध्ये नऊ तास एकटी. आई दाराबाहेर बाकावर, डब्यात शिरा घेऊन. आत येणारी बाई दर वेळी नवी. तपासायची, पिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते दुसरीला सांगायची, मला नाही, आणि निघून जायची. ओरडले तर "तेव्हा नाही ओरडलीस" हेही ऐकून झालं. बाळ सुखरूप, माझे टाके भरले, फाइलीत सगळं छान. पण पुढची तीन वर्षं मी दुसऱ्याचं नाव काढू दिलं नाही. बाळंतपण अवघड गेलं असं घरात कोणी म्हणालं नाही, कारण नॉर्मल होतं ना!

दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात मी डूला शोधली. पंधरा हजार रुपये ठरले: आधी दोन भेटी, बाळंतपणात पूर्ण वेळ, नंतर तीन भेटी. जाऊबाई म्हणाल्या, "पाठ चोळाले पंधरा हजार? मले सांगतली असती त मी पाचशेत चोळून देली असती!"

कळा रात्री अकराला सुरू झाल्या, साडेबाराला ती मनीष नगरला घरी हजर. कळांमधलं अंतर ती लिहीत होती. मला कूलरसमोर उभं करून हलायला, वाकायला लावत होती. प्रत्येक कळेला माझ्या माकडहाडाच्या वर तळहात रोवायची आणि कळ ओसरेपर्यंत काढायची नाही. नवऱ्याला तिनं तेच शिकवलं, म्हणून तोही बिचारा कामाला लागला, नाहीतर पाण्याची बाटली धरून उभाच होता. दवाखान्यात सहा सेंटिमीटरवर गाडी अडली आणि दर कळेला बाळाचे ठोके उतरायला लागले. डॉक्टरांनी सिझर सांगितलं. डूला एका शब्दानं आडवी गेली नाही. कानाशी वाकून म्हणाली, "पाठीत सुई देतील, पाय जड होतील, ओढल्यासारखं जाणवेल पण दुखणार नाही." थिएटरात तिला सोडलं नाही. पण तिनं सांगितलं होतं त्याच क्रमानं सगळं होत गेलं आणि मी घाबरले नाही. बाहेर आल्यावर बाळाला बगलेखाली घेऊन कसं पाजायचं तेही तिनंच दाखवलं, टाक्यांवर भार न येता.

तर हो, मी पाठ चोळायचेच पैसे दिले. ते वसूल झाले.

मागे मी घरच्या ग्रुपवर कोक्रेनचा, म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, २०१७ चा आढावा टाकला होता. १७ देशांतले २६ अभ्यास, १५ हजारांवर बाया. कळा देताना कोणी सतत सोबत असलं की सिझर कमी होतात, कळांचा काळ थोडा आखडतो, बाळंतपणाची कटू आठवण घेऊन जाणाऱ्या बाया कमी असतात. जाऊबाईंचं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं: "मंग तुह्यं काऊन झालं सिझर?" अहो, छत्री घेतली म्हणून पाऊस पडायचा थांबतो का?

आता तुमच्या सासूबाईंचा मुद्दा. माझी आई पण रुसली होती. मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला, आणि आई म्हणे, "कूलर बंद कर वं, वारा शिरते अंगात." खोली बंद, वर शेगडी. डूला घरी आली, वाद घातला नाही. "काकू, तुमच्या वेळी कोण होतं?" एवढंच विचारलं. आई तासभर बोलत होती. काटोलकडचं गाव, दाई, आणि रात्रभर तिला मांडीवर धरून बसलेली आत्या. मला हे कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे माझ्या आईला डूला होती, फक्त तिला पैसे द्यावे लागले नव्हते. शेगडी नंतरही आठवडाभर चाललीच, पण कूलरचं तोंड भिंतीकडे करून तो सुरू झाला. मला तेवढं पुरलं.

म्हणून आई-सासू आहेत हे कारण मला पटत नाही. त्या दाराबाहेर बसतात, प्रश्न दाराच्या आतल्या तासांचा आहे. आधी दवाखान्याला विचारा, लेबर रूममध्ये सोबत कोणाला सोडता? "बघू" म्हणाले तर ते नाही समजा. सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर केंद्राच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे एक बाई सोबत राहू शकते, जिनं स्वतः कळा सोसल्या आहेत अशी. बजेट नसेल तर घरातली धीराची मावशी निवडा आणि तळहात कुठे दाबायचा ते तिला आधीच शिकवा. माझ्या जाऊबाईंसारखी निवडू नका.

एक राहिलंच. डूला म्हणजे नर्स नाही, सुईणही नाही. ती आतून तपासत नाही, औषध देत नाही. रक्त जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, बाळाची हालचाल मंदावणं, यात तिला फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि दवाखान्यात जायची गरजच नाही असं म्हणणारी भेटली तर चहा पाजून वाटेला लावा. नागपुरात डूला अजून मोजक्याच, त्यामुळे सातव्या महिन्यापर्यंत थांबू नका, मी थांबले होते. पहिल्या भेटीला सासूबाईंनाही बसवा.