बोका सकाळपासून वाळूत बसतोय, जोर लावतोय, पण लघवीचा थेंब नाही. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. उद्या दाखवलं तर चालेल का?

नाही, आत्ताच न्या, रात्र झाली असली तरी. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो, त्यात बारीक खडे किंवा चिकट स्राव अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. माझ्या बोक्याला हेच झालं होतं. आम्ही बद्धकोष्ठ समजून तूप चाटवत बसलो आणि अर्धा दिवस घालवला. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, सलाईन लावलं, तीन दिवस ठेवून घेतलं.

निघण्याआधी गंगापूर रोड, कॉलेज रोडकडच्या दोन-तीन दवाखान्यांत फोन करून एवढंच विचारा: बोक्याला कॅथेटर (लघवीची नळी) घालता का, आणि रात्री कोणी असतं का? नुसतं 'या' म्हणणाऱ्याकडे जाऊन परत फिरण्यात वेळ जातो. पिंजरा नसेल तर द्राक्षाचे दोन क्रेट एकावर एक बांधा, आत जुना टॉवेल टाका. पोट दाबून पाहू नका. पॅरासिटामॉल तर अजिबात नको, मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरते.

बोक्याला नुसते थेंब-थेंब येत असतील तरी मार्ग अडलेला असू शकतो, तेव्हाही लगेच न्या. मांजरी असेल, तर बहुधा मूत्राशयाची सूज असते. तेव्हा सकाळपर्यंत थांबता येतं, पण उलट्या किंवा सुस्ती दिसली तर तेही नाही.