देशांना नवी नावं ठेवायचीत, पण कशी?

प्रश्न: आम्ही मित्र मिळून जगाच्या नकाशावर सगळ्या देशांना नवीन नावं देतोय. सुरुवातीला धमाल आली, आता सगळी नावं एकसारखीच वाटायला लागलीत, प्रत्येकाच्या मागे 'स्तान' नाहीतर 'लँड'. काय करावं?

उत्तर: अहो, शेपट्या जोडणं बंद करा आधी! खरी नावं कशी पडली ते बघा ना. टांगानिका आणि झांझिबार 1964 साली एक झाले आणि दोघांचे तुकडे जोडून टांझानिया झालं, हा तर सरळ जुगाडच. अप्पर व्होल्टा हे नाव नदीवरून होतं, ते 1984 मध्ये बदलून बुर्किना फासो केलं आणि त्यासाठी शब्द तिथल्याच दोन वेगवेगळ्या भाषांतून घेतले, मला तर ही आयडिया सगळ्यात भारी वाटते. तुम्हीही नदी, डोंगर, आकार असं काहीतरी पकडा. इजिप्तला 'नीलकाठ' म्हणा, चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या लेसोथोला 'मधलं', चिलीला 'पट्टी'. फक्त लोकांची टिंगल होईल असं नाव नको, भूगोलाची खुशाल करा. आणि रशियाला एकच नाव देऊ नका, तिथे 11 टाइम झोन आहेत, प्रत्येकाला वेगळं द्या, महिनाभर पुरेल.