ताप गेला, मग गोळ्या कशाला?

प्रश्न : सासरे ७१ वर्षांचे, मधुमेह जुना. जुलाब-ताप झाला, गोळ्यांनी बरं वाटलं. पण नंतर पुन्हा थंडी वाजून ताप आणि कंबरेत कळा. सीटी अँजिओत पोटातल्या महाधमनीला फुगा दिसला, रक्तात साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू निघाला. स्टेंट ग्राफ्ट (धमनीला आतून आधार देणारी कापड-जाळीची नळी) बसवला. आता म्हणतात, 'मी ठणठणीत आहे, अँटिबायोटिक बंद.' ऐकायचं का? आणि पोटातला जंतू तिथे पोचलाच कसा?
— एक सून, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ताई, अजिबात ऐकू नका.

जंतू गेला रक्तातून. तरुण, निरोगी माणसात साल्मोनेला बहुतेक वेळा आतड्यातच आटोपतो. पण वय आणि मधुमेह यांमुळे कधी तो रक्तात उतरतो. धमनीचं आतलं अस्तर गुळगुळीत असेल तर त्याला थारा मिळत नाही. चरबी-चुन्याचे थर साचून ते खडबडीत झालं असेल तर तिथे तो ठाण मांडतो आणि भिंत आतून कुजवतो. हे क्वचितच घडतं, पण घडलं की वेळ देत नाही. साधा फुगा वर्षाला काही मिलिमीटर वाढतो आणि साधारण साडेपाच सेंटिमीटरला ऑपरेशनचा विचार होतो. जंतूचा फुगा काही दिवसांतही वाढतो, लहान असतानाच फुटू शकतो. तुमच्याकडे कुणीतरी 'कंबर वयामुळे दुखते' म्हणून सोडून न देता स्कॅन करायला लावला, त्या माणसाचे आभार माना.

आता गोळ्यांचं. स्टेंट ग्राफ्टने फुटण्याचा धोका आवरला, पण कुजलेली भिंत तिथेच आहे आणि ग्राफ्ट ही परकी वस्तू. तिच्यावर जंतू चिकटून बसले तर काढणं महाकठीण. म्हणून औषध किमान सहा आठवडे, बऱ्याचदा सहा महिने किंवा जास्त, आणि काहींना जन्मभर. किती, ते सर्जन आणि संसर्गतज्ज्ञ सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि पुढचे सीटी बघून ठरवतील. अंगात ताप नाही, एवढ्यावरून ते ठरत नाही.

सराफ्यातलं (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातलं) खाणं कारण होतं का, यावरून घरात वाद नको. आता ते शोधून निघणार नाही. साखर मात्र आटोक्यात हवी.

पुन्हा ताप, कंबर-पोटात नवं दुखणं किंवा घेरी आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे नवं अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यायला सांगा, आणि जुन्या कल्चरचा कागद सोबत न्या. कोणतं औषध लागू पडलं ते त्यावर लिहिलेलं असतं.