शिंक आली की पाय आवळून उभी राहते

'मावशी, मी ४४ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. धाकटा पावणेचार किलोचा होता, बरेच टाके पडले. गेली तीन वर्षं शिंकलं, खोकलं, मोठ्याने हसलं की लघवी सुटते. शिंक येतेय असं वाटलं की फळ्यापाशी पाय आवळून उभी राहते. गेल्या श्रावणात पुतणीच्या मंगळागौरीला फुगडी घालताना साडी ओली झाली. चक्कर आली असं सांगून खोलीत जाऊन बसले. तेव्हापासून शाळा सुटेपर्यंत पाणीच पीत नाही. यूट्यूबवर बघून रोज तीनशे कीगल, म्हणजे लघवीची वाट आवळायचा व्यायाम, करते. दोन महिने झाले, फरक शून्य. सासूबाई म्हणतात दोन पोरं झाली की असं व्हायचंच, ओव्याची धुरी घे. जाऊ म्हणते गर्भाची पिशवी काढून टाक. ओळखीचे वैद्य बस्ती सांगतात, बहीण अ‍ॅक्युपंक्चर. कुणाचं ऐकू? आणि कुठे जायचं ठरलंच, तर घरी काय सांगू?'

अगं, फुगडीवरून खोलीत पळालेली तू पहिली नाहीस. मी पंचावन्नाव्या वर्षी भावाच्या साठीला जिन्यात अडकले होते. वर पाहुणे, खाली पाहुणे आणि मध्ये खोकल्याची उबळ. तेव्हा तुझ्या सासूबाईंचं 'व्हायचंच' बाजूला ठेव. बाळंतपणानंतर हे पुष्कळ जणींना होतं, पण म्हणून ते जन्मभर मुकाट्याने सोसायचं असतं असं नाही.

आधी नेमकं काय बिघडलंय ते बघू. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. लघवीची पिशवी, गर्भाशय, गुदाशय सगळे या झोळीत बसलेले. शिंक आली की पोटातला दाब धाडकन खाली येतो. त्या क्षणी झोळीने वर उचलून लघवीची वाट दाबून धरायची असते. बाळंतपणात ती ताणली जाते, फाटते, कधी सैल राहते. वर्षानुवर्षं कुंथणं, जुना खोकला, वाढलेलं वजन यांचा भार वेगळाच. डॉक्टर याला पेल्विक फ्लोअर म्हणतात, आपण झोळीच म्हणू.

आता तुझे तीनशे कीगल. आर्नोल्ड कीगल हा अमेरिकेतला स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४८ साली त्याने या व्यायामावर लेख लिहिला. तो नुसतं 'आवळा' म्हणून बायकांना घरी पाठवत नव्हता. स्नायू बरोबर आवळला जातोय का ते आधी बोटाने तपासायचा, आणि आतला दाब काट्यावर दाखवणारं एक उपकरणही त्याने केलं होतं. आज कीगलचं नाव तेवढं उरलं, तपासणं गेलं. १९९१ साली अमेरिकेतच ४७ बायकांना फक्त तोंडी सूचना देऊन बघितलं, तर जेमतेम निम्म्या जणींना नीट जमलं. चौथा हिस्सा बायका अशा करत होत्या, की त्याने गळती उलट वाढू शकली असती.

त्या चौथ्या हिश्श्यात मी होते. फिजिओच्या टेबलावर गुडघे वाकवून पडलेले, पडदा ओढलेला, आणि लाजेपायी मी छताचा पंखा मोजत होते. आधी विचारून तिने हातमोजा घातला, बोटाने तपासलं आणि म्हणाली, 'काकू, वारा अडवा.' मी सगळा जीव लावून अडवला. ती म्हणे, 'तुम्ही आवळत नाही आहात, ढकलताय. आणि श्वास का धरलाय?' पार्श्वभाग दगड, मांड्या दगड, पोट फुगलेलं आणि झोळी मात्र खाली चाललेली. मग तिने सांगितलं, आत चिंचोका आहे समजा, तो चिमटीत धरून वर उचला, चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. चौथ्या-पाचव्या खेपेला जमलं. तेव्हा कळलं की आधीचे माझे सहा महिने पाण्यात गेले होते.

म्हणून पहिलं काम, तीनशेचा रतीब बंद कर. स्त्रीरोगतज्ज्ञाकडून एकदा तपासून घे, लघवीची तपासणी कर आणि पेल्विक फ्लोअरचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट शोध. मोठ्या रुग्णालयांना जोडलेल्या फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीत चौकशी केलीस तर सापडेल. फोनवरच विचार, 'आतून तपासून व्यायाम शिकवता का?' कंबरेला शेक देणारं मशीन दाखवायला लागले तर पुढचा दवाखाना बघ. जाण्याआधी तीन दिवस वहीत लिही: किती प्यायलीस, किती वेळा गेलीस, कधी सुटली. मास्तरीणबाईंना हे जड जायला नको.

ब्रिटनमध्ये नाइस ही संस्था डॉक्टरांना उपचारांच्या सूचना देते. शिंकताना सुटणाऱ्या लघवीवर त्यांचा पहिला उपाय ऑपरेशन नाहीच. शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली किमान तीन महिने व्यायाम, दिवसातून तीनदा, दर खेपेला निदान आठ वेळा. म्हणजे चोवीस, तीनशे नव्हेत. काही सावकाश धरून ठेवायचे, काही चटकन आवळून सोडायचे. सोडणंही पूर्ण हवं. लघवी करता करता मध्येच थांबवून सराव मात्र करू नकोस, त्याने पिशवी नीट रिकामी होत नाही. आणि झोळी उचलणं नीट जमलं की एक युक्ती: शिंक येतेय असं वाटलं की पाय आवळण्याऐवजी झोळी उचल, मग शिंक. आधी उचलायचं, मग शिंकायचं. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण मला सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला.

एक सावधगिरी. काहींची झोळी सैल नसते, उलट आखडलेली असते. संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, माकडहाडापाशी ठणकतं. अशीला कीगल म्हणजे आगीत तेल. तिथे पोटाने श्वास घेत सैल सोडायला शिकवतात. तू यातलं काही लिहिलेलं नाहीस, पण तपासणीआधी व्यायाम नको म्हणते ते याचसाठी.

आता बाकीची गर्दी. जावेला सांग, पिशवी काढून ही गळती थांबत नाही. स्वीडनमधला एक मोठा अभ्यास २००७ साली छापून आला. त्यात गर्भाशय काढलेल्या बायकांना पुढे गळतीचं ऑपरेशन लागण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांची बातमी २०१९ साली आपण सगळ्यांनी वाचली आहे, तरी हा सल्ला घरोघरी इतक्या सहज कसा निघतो, देव जाणे.

बहिणीचं म्हणणं अगदीच फोल नाही. चीनमध्ये ५०४ बायकांवर सुयांतून सौम्य वीज देण्याचा प्रयोग झाला, सहा आठवड्यांत अठरा बैठका. खोट्या सुयांपेक्षा गळती खरंच कमी झाली. हा प्रयोग २०१७ साली छापून आला. पण अठरा वेळा तालुक्याला जायचं बळ आणि पैसा असेल, तर तो आधी फिजिओवर घाल. बस्तीने कुणाचं पोट साफ होऊन कुंथणं कमी झालं, तर तेवढा आडून फायदा. त्याने झोळी घट्ट होते असं मानायला मला आधार दिसत नाही. लघवीच्या वाटेने औषध सोडणारी उत्तरबस्ती तर यासाठी घेऊच नकोस. योगातला मूलबंध येत असेल तर चांगलंच, ओढायचे स्नायू तेच आहेत, फक्त तोही कुणाकडून तरी तपासून घे. धुरीचा धूर त्या स्नायूंपर्यंत पोचत नाही. निखाऱ्यावर बसून नाजूक जागी चटका बसायची भीती मात्र खरी. सासूबाईंना ओवा भाजीत घालायला दे.

पाणी तोडलंस त्याचा मला राग आला, तुझा नाही, शाळेच्या संडासाचा. लघवी घट्ट झाली की पिशवी आणखी चिडते, वर बद्धकोष्ठ होऊन कुंथणं वाढतं. पाणी पी, थोडं थोडं. मधल्या सुट्टीत जा. शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी नसेल तर चार शिक्षिकांनी मिळून लेखी द्या. चहा दोन कपांवर आण. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फरक पडतो. अमेरिकेतल्या ३३८ बायकांच्या प्रयोगात सरासरी आठ टक्के वजन घटलेल्या गटाची आठवड्याची गळती ४७ टक्क्यांनी कमी झाली. तो २००९ साली छापला गेला.

लघवीत रक्त दिसलं, अंग बाहेर येतंय असं जाणवलं, किंवा बसायच्या जागी अचानक बधिरपणा येऊन लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर फिजिओची वाट बघायची नाही. शेवटच्या प्रसंगी तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय. तीन महिने मनापासून करूनही उणं राहिलं, तर आत बसवायची रिंग आहे, ऑपरेशनही आहे. तेव्हा मला पुन्हा लिही.

घरी काय सांगायचं? नवऱ्याला खरं सांग, त्याला धुण्यातून कळलेलं असेलच. बाकीच्यांना सांग, कंबरेसाठी फिजिओकडे जाते. खोटंही नाही ते. झोळी कंबरेच्याच हाडांना बांधलेली आहे.

तुझी मावशी