पेव्हर ब्लॉक बसले आणि मधल्या सुट्टीत मारामाऱ्या सुरू झाल्या

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातल्या एका पहिली ते सातवीच्या शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या पटांगणात पेव्हर ब्लॉक बसले. चिखल गेला, शाळा देखणी दिसू लागली. पण फेब्रुवारी सरत आल्यापासून मधल्या सुट्टीत रोज ढकलाढकली, मारामाऱ्या. मुली खेळतच नाहीत, भिंतीला टेकून बसतात. सुट्टीनंतरच्या तासाला मुलं एकतर चिडलेली, नाहीतर पेंगुळलेली. मुख्याध्यापक म्हणतात शिस्त गेली, सुट्टीत वर्गातच बसवा. मला ते पटत नाही. काय करावं?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, मुलांना वर्गात कोंडू नका. भांडणं नेमकी कुठं होतात ते आधी चार दिवस बघा. आवारात एखादंच मोठं झाड असेल, तर ती त्याच्या बुंध्याभोवती नाहीतर नळापाशी होत असणार.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. माझी शेवटची शाळा जत तालुक्यात होती, 2022 मध्ये तिथूनच निवृत्त झाले. पटांगण भलंमोठं आणि झाड एकच, कडुलिंबाचं. पोरं त्याखाली गर्दी करायची, भांडायची आणि मी ओरडायचे. एके दिवशी सातवीच्या पोरांकडून फक्कीने सावलीची कड आखून घेतली, दर अर्ध्या तासाला एक रेघ. मधल्या सुट्टीतली रेघ बघून मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. सत्तर मुलं, आणि सावली एका वर्गखोलीएवढीसुद्धा नाही. कोरोनात आलेली ताप मोजायची गन होती, ती पोरांनी व्हरांड्यातल्या फरशीवर धरली तर आकडा यायचा. दारापुढच्या उन्हातल्या काँक्रीटवर धरली की नुसतं 'हाय'. ती माणसाच्या तापासाठी बनवलेली, 42-43 च्या पुढं वाचतच नव्हती. आणि त्या काँक्रीटवरून आमची निम्मी पोरं अनवाणी जायची.

बातम्यांत सांगतात तो पारा सावलीतल्या पेटीत मोजलेला असतो. 38 म्हणजे सावलीतले 38. उन्हात उभ्या पोराला वरून सूर्य भाजतो, खालून ब्लॉक आणि बाजूनं कंपाउंडची भिंत. झाडाखाली हवा जवळपास तेवढीच गरम असते, पण ही झळ अडते, म्हणून जिवाला बरं वाटतं. आपल्या कातडीचं तापमान साधारण 33 ते 35 अंश असतं. हवा त्याच्या वर गेली की अंगातली उष्णता बाहेर टाकायला घामाशिवाय मार्ग उरत नाही. लहान मुलांची कातडी वजनाच्या मानानं जास्त, त्यामुळं अशा हवेत ती मोठ्यांपेक्षा लवकर तापतात. शिवाय त्यांचं तोंड जमिनीच्या जवळ. व्हरांड्यात उभं राहून पहिलीतलं पोर काय सोसतं ते आपल्याला कळत नाही. पूर्वीच्या मातीवर सडा मारला की ओल टिकायची आणि ती सुकताना जमीन गार व्हायची. ब्लॉकवरचं पाणी बघता बघता उडून जातं.

मग मोठी मुलं सावली धरतात, लहानांचं त्यांच्यापुढं चालत नाही आणि मुली आपणहून मागं सरतात. भिंतीला टेकून बसलेली ती मुलगी मला सगळ्यात जास्त टोचते, कारण तिची तक्रार कुणाकडेच येत नाही.

सोमवारपासूनच करता येईल असं एक : पहिली ते चौथी आणि पाचवी ते सातवी यांची सुट्टी अर्ध्या तासाच्या फरकानं ठेवा. तीच सावली दोनदा वाटली जाते.

पेव्हर ब्लॉक बहुधा कच टाकून नुसते बसवलेले असतात, न फोडता उचलता येतात. झाडाभोवतीचे दोन-तीन हात तरी उचलून माती उघडी करा. मुळांना पाणी मिळेल आणि बसायला गार जागा होईल. मुख्याध्यापकांना सांगा, पॅरिसमध्ये 2018 पासून शाळांच्या आवारातलं डांबर उखडून माती आणि झाडं आणताहेत.

आणि तुमचा तर बेदाण्याचा तालुका! रंग काळपटू नये म्हणून द्राक्षं आपण शेडनेटखाली, चारही बाजूंनी वारं खेळेल अशा रॅकवर सुकवतो. पालकसभेत हेच बोला. कुणाच्या तरी शेडवर जुनी जाळी नक्की पडून असेल. ती उंच बांधा, बाजू मोकळ्या ठेवा, वाऱ्यानं सुटणार नाही अशी ताणून घ्या. पहिली जाळी नळावर. आमचा नळ उन्हात होता, लोखंडी पाइपातून आधी कढत पाणी यायचं आणि त्यावरूनच रोज रांगेत भांडण.

झाडं जूनमध्ये लावा, पण कुठली आणि कुठं याचा विचार आत्ता करा. आपल्याकडं सूर्य साडेबारा-पाऊणला माथ्यावर येतो, मार्च-एप्रिलच्या मधल्या सुट्टीत भिंतीची सावली जेमतेम हातभर पडते. त्यामुळं खेळायच्या जागेवर फांद्या पसरतील असं झाड हवं, आणि तेही पश्चिमेच्या अंगाला, म्हणजे दुपार कलली की सावली मैदानावर येते. गुलमोहर दिसायला सुंदर, पण ऐन उन्हाळ्यात त्याची पानं झडलेली असतात. कडुलिंब पाडव्याला कोवळ्या पालवीत असतो, एप्रिलपर्यंत दाट होतो. मी डोळे झाकून तोच सांगेन, जोडीला एखादी चिंच. पोषण आहाराची ताटं धुतलेलं पाणी चर काढून रोपांना द्या, साबणाचं तेवढं नको.

मे महिन्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, हे मात्र रोप लावायच्या आधी नाव घेऊन ठरवा. माझी सात रोपं त्या एका सुट्टीत गेली.